जेसन टॉडला नेमकं कोणी मारलं?

रात्रपाळी (धागाकर्ता) :
काल रात्री परत एकदा 'अ डेथ इन द फॅमिली' वाचून काढलं. डीसी या अमेरिकन कंपनीच्या 'बॅटमॅन' कॉमिकचे ४२६ ते ४२९ हे चार अंक, १९८८ मधले. आधी कितीतरी वेळा वाचलंय पण काल झोपच लागली नाही, म्हणून इथे लिहायला बसलो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बॅटमॅनच्या सोबतीला लढणारा रॉबिन म्हणजे एकच मुलगा नव्हे. पहिला डिक ग्रेसन, १९४० पासूनचा, तो मोठा होऊन नाइटविंग नावाने स्वतंत्र लढायला लागला. त्याच्या जागी आला जेसन टॉड. बॅटमॅनच्या गॉथम शहरातल्या क्राइम ॲलीतलं पोर. बाप टू-फेस नावाच्या गुंडाच्या टोळीत होता, तो मारला गेला, आई ड्रग्जपायी गेली, आणि हा पडक्या इमारतीत एकटा राहून गाड्यांची चाकं चोरून पोट भरायचा. एका रात्री त्याने काय केलं तर गल्लीत उभ्या असलेल्या बॅटमोबिलचीच चाकं काढली. बॅटमॅनने पकडल्यावर रडला नाही, पाया पडला नाही, हातातली चाकं काढायची टॉमी सरळ बॅटमॅनच्या पोटात हाणली. माझ्यासाठी जेसन म्हणजे तो अंक, ४०८ नंबरचा.

पुढे बॅटमॅनचा कट्टर शत्रू जोकर याने त्याला इथिओपियातल्या एका गोदामात कटावणीने मारमार मारलं आणि बॉम्ब लावून निघून गेला. ४२७ तिथे स्फोटावर संपतो. मग डीसीने मागच्या पानावर वाचकांनी मत द्यायला दोन फोन नंबर छापले, एक पोरगा जगावा म्हणून, दुसरा मरावा म्हणून. मरावा ५,३४३. जगावा ५,२७१. बहात्तर फोनांचा फरक.

जिथे बघावं तिथे चर्चा त्या बहात्तरची. माझं म्हणणं असं आहे की फोन लागायच्या खूप आधीच या मुलाचं मरण ठरलं होतं. आणि ते ठरवणाऱ्यांत मला सगळ्यात पुढे बॅटमॅन दिसतो. रस्त्यावरच्या दुखावलेल्या पोराला त्याने घर दिलं ते बरं केलं, पण घराबरोबर गणवेशही दिला. तुम्हाला काय वाटतं?

टिंब :
वाचकांनी मारलं. एवढा विचार कशाला?

खारीबिस्कीट :
जोकरने मारलं हो. तो सुटला वाटतं सगळ्यांच्या यादीतून. :)

परदेशी_पाखरू :
टिंब, एक दुरुस्ती. ५,३४३ वाचक नव्हेत, ५,३४३ फोन. एका माणसाने कितीही फोन करावेत, अडवणारं कोणी नव्हतं. हे नऊशेने सुरू होणारे नंबर असायचे, फोन केला की बिलात पैसे लागायचे, इथे एका फोनला पन्नास सेंट. १५ आणि १६ सप्टेंबर १९८८ असे जेमतेम दीड दिवस नंबर चालू होते. संपादक डेनिस ओ'नील यांनी नंतर सांगितलं होतं की त्यांच्या कानावर असं आलं की कोणा एकाने कॉम्प्युटरला लावून दिलं, दर नव्वद सेकंदाला 'मरावा'च्या नंबरवर फोन, सलग आठ तास. ही ऐकीव गोष्ट आहे. पण हिशोब करून बघा, तासाला चाळीस म्हणजे आठ तासांत तीनशे वीस. निकाल फिरला तो बहात्तरवर.

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या एका जुन्या कॉमिक्सच्या दुकानाचे मालक सांगायचे की त्या दोन दिवसांत मुलं दुकानात येऊन एकमेकांना विचारायची, तू कुठला लावलास? आणि 'मरावा'वाली मुलं हसत सांगायची आणि 'जगावा'वाली हळू आवाजात. मला ते फार लागलं. पोराचा जीव वाचवायला मत दिलं हे सांगायची लाज का वाटावी?

टिंब :
@परदेशी_पाखरू, मान्य, फोन. पण उरलेले तर खरे होते ना? हजारोंनी एका मुलाला मारायला पैसे खर्च केले.

ग्राफिकवाला :
एकूण १०,६१४ फोन म्हणजे ५,३०७ डॉलर. बस एवढ्यात आटोपलं.

फोर्टचा_फिरस्ता :
माझी ओळख उलट्या बाजूने झाली. शाळेत असताना फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात चारही अंकांचं एकत्र पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ फाटलेलं. मला मतदान वगैरे काही ठाऊक नव्हतं. घरी इंद्रजालच्या मराठी वेताळावर वाढलेलो, तिथे वेताळ कधी मरत नाही, बाप गेला की मुलगा पोशाख चढवतो आणि जंगलाला वाटतं तोच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. त्यामुळे रॉबिन मेला हे मला कळलंच नाही. पुढचं पान, पुढचं पान करत राहिलो, आता उठेल मग उठेल. शेवटचं पान आलं. मग परत मागे गेलो, म्हटलं मधली पानं गळालीत. आकडे तपासले, सगळी होती.

मोरपंखी :
फिरस्ता 😢

शेवंता_मास्तरीण :
धागा वाचून खरं तर शाळेबद्दलच लिहावंसं वाटलं. मी रात्रशाळेत शिकवते. दिवसभर गॅरेजमध्ये, वडापावच्या गाड्यांवर, गोदामात काम करून मुलं येतात. जेसनबद्दल माझ्या मुलाने सांगितलं, मग मी त्याच्याकडून मागून ४०८ आणि ४०९ वाचले.

त्यात एक गोष्ट आहे ती कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. बॅटमॅन त्याला पकडल्यावर लगेच रॉबिन करत नाही. आधी अनाथ मुलांच्या शाळेत टाकतो. मा गन नावाच्या बाईची शाळा. आणि ती शाळाच चोरांचा कारखाना निघते, ती बाई मुलांना चोऱ्या करायला शिकवत असते. म्हणजे या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी 'योग्य ठिकाणी' नेलं आणि ते ठिकाणच खोटं निघालं. पोरगा तिथून पळाला, बॅटमॅनला मदत केली आणि मग त्याला कवटाळायला मिळालेली पहिली खरी जागा होती बॅटमॅनची गुहा, त्याचा लपायचा अड्डा. जिथे राहायचं असेल तर लढायचं.

माझ्याकडे असा एक मुलगा होता. खूप राग. बाक उलटवायचा. बाकीचे शिक्षक म्हणायचे याला काढा. मी त्याला फळा पुसायचं काम दिलं, रोजचं, त्याच्याशिवाय कोणी डस्टरला हात लावायचा नाही. त्याला काही होऊन दाखवायचं नव्हतं, फक्त रोज यायचं होतं. राग गेला नाही पण बाक उलटायचे थांबले. जेसनला तसं साधं काम कोणी दिलं नाही. त्याच्या रागालाच कामाला लावलं.

रात्रपाळी :
शेवंताताई, नेमकं हेच मला म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. त्याच्या रागालाच कामाला लावलं.

कट्ट्यावरचे_काका :
ताईंचा अनुभव मोलाचा आहे पण मी धागाकर्त्याशी सहमत नाही. कोवळ्या पोराला लढाईत उतरवणं हे काही अमेरिकेने शोधलेलं नाही. आपला अभिमन्यू सोळा वर्षांचा. त्याला आत शिरायचं माहीत होतं, बाहेर यायचं नव्हतं, हे युधिष्ठिराला माहीत होतं, तरी पाठवलं. म्हणून युधिष्ठिराने मारलं म्हणायचं का? मारलं ते कौरवांकडच्या सहा जणांनी मिळून. दोष मारणाऱ्याचा.

आणि बॅटमॅनने तर त्याला 'थांब' सांगितलं होतं. औषधांच्या ट्रकमध्ये जोकरने विषारी वायू भरून पाठवला होता, तो छावणीपर्यंत पोचला असता तर माणसं मेली असती, म्हणून बॅटमॅन ट्रकच्या मागे गेला. जयद्रथाने पांडवांना जसं बाहेर अडवलं तसंच. माणूस दोन ठिकाणी कसा असेल?

शेवंता_मास्तरीण :
काका, युधिष्ठिर त्या रात्री रडला आहे. स्वतःलाच दोष देत रडला आहे, मीच त्या पोराला पुढे घातलं म्हणून. म्हणजे उत्तर तुमच्याच उदाहरणात आहे.

कट्ट्यावरचे_काका :
हं. हे मात्र खरं बोललात. यावर विचार करून लिहितो.

बॅटरी_लो :
काका आणि ताईंनी कुरुक्षेत्र गाठलं, मी अजून बॅटमोबिलच्या चाकांवर अडकलोय. जगातली सगळ्यात भारी गाडी आणि तिच्या चाकांना लॉक नव्हतं?

खारीबिस्कीट :
क्राइम ॲली नावाच्या गल्लीत गाडी लावणाऱ्याला चाकांबद्दल तक्रार करायचा हक्क नाही.

ग्राफिकवाला :
चित्रांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. चित्रं जिम अपारोची, शाई माइक डीकार्लोची, मुखपृष्ठं माइक मिन्योलाची. सगळे म्हणतात फार हिंसक अंक. पण परत उघडून बघा, कटावणी जेसनच्या अंगावर पडताना जवळजवळ दिसतच नाही. दिसतो जोकरचा चेहरा, वर गेलेला हात, खाली आलेला हात. आणि बाजूला उभी शीला हेवूड. ती तोंड फिरवून सिगारेट ओढते आहे.

ही शीला म्हणजे त्याची जन्मदाती. सगळी कथा खरं तर आई शोधण्याची आहे. जेसनला जन्मदाखला सापडतो, आईचं नाव पुसलं गेलंय, फक्त पहिलं अक्षर एस उरलंय. त्यावरून तीन बायका निघतात, एक इस्रायली गुप्तहेर, दुसरी लेडी शिवा नावाची मारेकरी आणि तिसरी ही, मदत छावणीत काम करणारी. लेबनॉनपासून फिरत फिरत तो तिच्यापर्यंत पोचतो, ती भेटते, मिठी मारते. आणि तीच त्याला जोकरच्या हवाली करते कारण तिने स्वतः छावणीच्या पैशात हात मारलेला असतो आणि जोकरला ते माहीत असतं. पोरगा तिला विश्वासाने सांगतो की मीच रॉबिन आहे, मी तुला यातून सोडवतो, आणि ती पिस्तूल काढते.

त्यानंतरही, सगळी हाडं मोडलेली असताना, तो सरपटत जाऊन तिच्या दोऱ्या सोडतो. दार बाहेरून बंद. तेव्हा तो बॉम्ब आणि तिच्या मध्ये स्वतःला घालतो. ज्या बाईने सिगारेट ओढत बघितलं तिच्यासाठी. मला मतदानाचं काही वाटत नाही इतकं त्या सिगारेटचं वाटतं.

मोरपंखी :
ग्राफिकवाला, हे वाचून अंगावर काटा आला. आणि हेच पोर 'बिघडलेलं', 'बेफिकीर', 'बॅटमॅनचं न ऐकणारं' म्हणून लोकांनी नापसंत केलं?

ग्राफिकवाला :
हो. आणि शीला मरताना बॅटमॅनला सांगते की त्याने मला झाकलं.

भटक्या७७ :
इथे सगळे जेसनच्या बाजूने आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग नसावा. ४२४ वाचलाय का कोणी? फेलिपे नावाचा परदेशी वकिलातीतल्या बड्या माणसाचा मुलगा. एका मुलीवर बलात्कार करतो, बापाच्या पदामुळे पोलीस हात लावू शकत नाहीत, सुटल्यावर तिलाच फोन करून धमकावतो आणि ती मुलगी गळफास घेते. रॉबिन आधी पोचतो. बॅटमॅन गच्चीवर येतो तेव्हा फेलिपे बाल्कनीतून खाली पडत असतो. जेसन म्हणतो, मला बघून दचकला असेल, घसरला. ढकललं की नाही हे लेखकाने दाखवलेलं नाही.

वाचकांना भीती वाटली ती याची. कायदा हातात घेणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहणारं पोर, आणि त्याच्यावर आता भरवसा उरला नाही. अशा पोराला काढून टाकावं असं वाटणं म्हणजे लगेच राक्षसपणा नव्हे.

शेवंता_मास्तरीण :
त्या फेलिपेला कोण शिक्षा करणार होतं, भटक्या? हे विचारायचा हक्क एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला नाही का?

भटक्या७७ :
विचारायचा आहे. ढकलायचा नाही.

रात्रपाळी :
भटक्या, ढकललं असेल तर चूकच. पण बॅटमॅनने काय केलं बघा. तो रोज रात्री लोकांना छपरावरून उलटं टांगून घाबरवतो. मुलगा ते बघत वाढला. मग तो पोरगा एक पायरी पुढे गेला की नाही याचा न्याय करायला तोच उभा राहतो. टू-फेसने जेसनच्या बापाला मारलं हेसुद्धा त्याने आधी पोरापासून लपवलं होतं, जेसनला स्वतःला कळलं आणि तो टू-फेसचा गळा आवळायला धावला. आपल्याच घरात आपल्या बापाचा खुनी कोण ते माहीत असलेला माणूस, आणि सांगत नाही!

मुळात बॅटमॅनला सगळे नायक म्हणतात पण मला तो जेसनच्या गोष्टीत नायक वाटत नाही. स्वतःच्या जखमेवर मुखवटा चढवलेला माणूस आणि सोबतीला दुसऱ्याची जखम.

कट्ट्यावरचे_काका :
'सोबतीला दुसऱ्याची जखम' हे मला पटलं.

बॅटरी_लो :
अवांतर : मला एक कळत नाही, पहिल्यापासूनच लोक जेसनवर का डाफरायचे? ४०८ तर छानच आहे.

परदेशी_पाखरू :
कारण ४०८ ही त्याची दुसरी जन्मकथा. पहिला जेसन १९८३ चा, गेरी कॉनवे आणि डॉन न्यूटन यांचा. तो तर डिकचीच झेरॉक्स होता, सर्कशीतले कसरतपटू आईबाप, त्यांना मारलं किलर क्रॉक या खलनायकाने. केस सुद्धा लालसर होते, रॉबिन व्हायला काळा कलप लावायचा! मग १९८५-८६ मध्ये डीसीने आपलं सगळं विश्वच पुसून नव्याने मांडलं आणि मॅक्स ॲलन कॉलिन्सने १९८७ मध्ये हा चाकं चोरणारा जेसन लिहिला. त्यानंतर जिम स्टार्लिन लेखक झाला. स्टार्लिनला मुळात सोबतीला पोर ही कल्पनाच पसंत नव्हती, त्याने ते मुलाखतींत उघड सांगितलंय. त्याचं म्हणणं, काळ्या कपड्यात लपून लढणारा माणूस लाल-पिवळ्या कपड्यातलं पोर पुढे कशाला उभं करेल?

रात्रपाळी :
प्रश्न बिनतोड आहे. पण उत्तर म्हणून पोराला घरी बसवता आलं असतं. शाळेत घालता आलं असतं.

फोर्टचा_फिरस्ता :
फ्रँक मिलरच्या 'डार्क नाइट रिटर्न्स'मध्ये १९८६ लाच जेसन मेलेला आहे हे विसरू नका. म्हातारा बॅटमॅन, गुहेत काचेच्या पेटीत रॉबिनचा पोशाख, आणि बॅटमॅन म्हणतो की तो चांगला सैनिक होता. म्हणजे मतदानाच्या दोन वर्षं आधी. हा पोरगा जिवंत असतानाच त्याची पेटी तयार होती.

मोरपंखी :
सैनिक. मुलगा नाही म्हणाला. 😢

टिंब :
हे माहीत नव्हतं. आधी पेटी मग मरण. आता मला माझं पहिलं उत्तर बदलावंसं वाटतंय पण पूर्ण नाही. दरवाजा उघडा ठेवला संपादकाने, पण आत तर लोकच गेले ना? गाण्याच्या स्पर्धांत एसएमएस करून आपण पोरांना घरी पाठवत होतोच की. माझ्या बहिणीने एका मुलाला हरवायला अख्खं रिचार्ज संपवलं होतं, तो मुलगा पडद्यावर रडला तेव्हा ती पण रडली. पडद्यापलीकडे कोणी खरं आहे हे बटण दाबताना कळत नाही.

परदेशी_पाखरू :
टिंब, खूप छान लिहिलंत. ओ'नील आणि डीसीच्या लोकांनाही ते आधी कळलं नव्हतं. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि ज्यांनी वर्षानुवर्षं कॉमिक हातात धरलं नव्हतं त्यांना वाटलं आपल्या लहानपणचा रॉबिन, म्हणजे डिक, मारला. स्टार्लिन सांगतो की डीसीतल्या खेळणी-डबे विकणाऱ्या विभागाची माणसं त्याच्यावर भयंकर चिडली होती आणि त्यानंतर त्याचं तिथलं काम आटत गेलं.

गेमर_गण्या :
सगळे म्हातारे इथे जमलेत का? :) जेसन जिवंत आहे की! आता रेड हूड नावाने फिरतो! अर्कम नाइट गेम (२०१५) खेळा, 'अंडर द रेड हूड' सिनेमा (२०१०) बघा.

ग्राफिकवाला :
ये रे गण्या, तुझीच वाट बघत होतो. हो, २००५ मध्ये लेखक जुड विनिकने परत आणला. त्याच साली मार्व्हल या दुसऱ्या कंपनीने कॅप्टन अमेरिकाच्या साथीदाराला, बकीला, परत आणलं. त्याआधी कॉमिक्सवाल्यांत म्हण होती, बकी, जेसन टॉड आणि स्पायडरमॅनचे अंकल बेन सोडून कोणीही परत येतो. आता एकटे अंकल बेन राहिले.

बॅटरी_लो :
आणि परत आला कसा ते पण सांग. सुपरबॉय-प्राइम नावाच्या दुसऱ्या विश्वातल्या सुपरबॉयने वास्तवाच्या भिंतीला बुक्की मारली म्हणून!!! मी चार वेळा वाचलं ते पान.

गेमर_गण्या :
त्यामुळेच सिनेमात बदललं ना. तिथे रास अल घूल हा खलनायक त्याला लॅझरस पिटमध्ये, म्हणजे मेलेल्यांना उठवणाऱ्या कुंडात, टाकून उठवतो. बुक्की गायब. पण कॉमिकमध्ये तो शवपेटीत जागा होतो आणि स्वतःच्या हातांनी माती उकरून वर येतो, ते मला आवडतं. वरून कोणी हात दिला नाही.

शेवंता_मास्तरीण :
गण्या, रेड हूड बनून तो काय मागतो ते सांगशील? मी ते वाचलेलं नाही.

गेमर_गण्या :
ताई, मला तो प्रसंग पाठ आहे. तो जोकरला पकडून आणतो आणि बॅटमॅनला बोलावतो. बॅटमॅनला वाटतं हा विचारणार, मला वाचवलं का नाहीस. जेसन म्हणतो, त्याबद्दल मी तुला केव्हाच माफ केलंय. मला एवढंच सांग, हा अजून जिवंत का आहे? तुझ्याबाबतीत असं झालं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. मग बॅटमॅनच्या हातात पिस्तूल देतो, जोकरच्या डोक्याला स्वतःचं पिस्तूल लावतो आणि सांगतो, त्याला वाचवायचं असेल तर मला गोळी घाल. बॅटमॅन पिस्तूल टाकतो, पाठ फिरवतो आणि बॅटारँग, म्हणजे त्याचं वटवाघळाच्या आकाराचं पातं, फेकतो. सिनेमात तो पिस्तुलात अडकतो. कॉमिकमध्ये तो जेसनच्या गळ्याला लागतो.

मी पहिल्यांदा सिनेमा बघितला तेव्हा बारावीत होतो. माझे बाबा गेले होते त्याच वर्षी, गाडीच्या अपघातात. ज्याची चूक होती तो महिनाभरात परत गाडी चालवताना दिसला. मला तो प्रश्न कोणालाच विचारता आला नाही, घरात सगळे म्हणायचे देव बघून घेईल. जेसनने तो विचारला. त्याचं उत्तर बरोबर होतं असं मी म्हणत नाही.

मोरपंखी :
गण्या, मोठा झालास रे. काळजी घे.

भटक्या७७ :
गण्या, मी वर 'ढकलायचा हक्क नाही' लिहिलं होतं. मत बदललं नाही पण तुझं वाचून ते वाक्य मी जरा घाईत टाकलं असं वाटतंय. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

गेमर_गण्या :
सांगतो काका. थँक्यू.

मोरपंखी :
थोडं अवांतर पण राहवत नाही. स्टेफनी ब्राऊन. ती पण रॉबिन होती, २००४ मध्ये, थोडेच दिवस. तिलाही हाल हाल करून मारलेलं दाखवलं. पुढे ती जिवंत असल्याचं सांगितलं ते वेगळं. पण तेव्हा तिची काचेची पेटी गुहेत आली नाही. वाचक मुलींनी त्यावर खूप आवाज उठवला होता. जेसनची पेटी दुःखद आहे, पण पेटी तरी आहे.

परदेशी_पाखरू :
मोरपंखी, हे अवांतर अजिबात नाही. यावर वेगळा धागा काढ, मी येते.

कट्ट्यावरचे_काका :
विचार करून लिहितो म्हटलं होतं. काल तिसऱ्या रॉबिनबद्दल वाचलं, टिम ड्रेक, १९८९. हा मुलगा स्वतःच्या डोक्याने बॅटमॅन कोण ते शोधून काढतो आणि दारात येऊन सांगतो की बॅटमॅनला रॉबिनची गरज आहे, जेसन गेल्यापासून तो स्वतःच्या जिवावर उदार झालाय, त्याला सावरायला कोणीतरी हवं. वाचताना आधी मला कौतुक वाटलं. मग खटकलं. एक पोर गेल्यावर मोठ्या माणसाला सावरायला दुसरं पोर? अर्जुनाला सावरायला कोणी दुसरा अभिमन्यू आणून उभा केला नाही. अर्जुनाने प्रतिज्ञा केली, ती त्याची त्याने पुरी केली. बॅटमॅनने शोक सुद्धा पोराच्या खांद्यावर टाकला.

धागाकर्ते, मी तुमच्या बाजूला आलो.

रात्रपाळी :
काका, तुम्ही आलात आणि मी थोडा सरकलो. म्हणजे बॅटमॅनचा दोष कमी वाटत नाही. पण शेवंताताईंच्या डस्टरनंतर आणि गण्यानंतर मला वाटायला लागलं की 'कोणी मारलं' विचारताना मी सुद्धा जेसनला फक्त मेलेला मुलगा करून टाकला. ग्राफिकवाल्याने लिहिलेलं पान मी रात्री परत काढलं. तो दोऱ्या सोडतो तिथे. बॉम्बवर आकडे पळतायत आणि पोरगा आईला म्हणतोय चल. त्या पानावर त्याला कोणी पाठवलेलं नाही, हुकूम नाही, गणवेशाचं काही नाही. ते त्याचं स्वतःचं आहे. चाकं चोरणाऱ्या पोराने त्या गोदामात जे केलं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

फोर्टचा_फिरस्ता :
धागा वर काढतोय कारण एक सांगायचं राहिलं. तेव्हा अपारोकडून जेसन मरतो आणि जगतो अशी दोन्ही पानं काढून घेतली होती, मतदान कसंही लागलं तरी अंक वेळेवर जावा म्हणून. २०२३ च्या डिसेंबरमध्ये डीसीने ४२८ ची ती दुसरी आवृत्ती छापली, ज्यात जेसन वाचतो. मी मागवली होती, परवा आली.

ते पान साधं आहे. ढिगाऱ्यात बॅटमॅन वाकलेला आणि म्हणतो, जिवंत आहे, देवाची कृपा. बस. माझा पुतण्या चौदा वर्षांचा, त्याच्या हातात आधी हे दिलं, मग माझं ते फाटक्या मुखपृष्ठाचं पुस्तक. दोन्ही पानं शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसला. मग मला विचारतो, काका, इथे जो वाचला तो परत रात्री बाहेर गेला का?

मी म्हटलं, जे. एम. डीमॅटेसने २०२४ मध्ये त्या पुढची गोष्ट लिहिली आहे, वाचू आपण. तो म्हणाला, नको आत्ता. आणि वाचलेलं पान वर ठेवून पुस्तक मिटलं.

शेवंता_मास्तरीण :
फिरस्ता, ती आवृत्ती वाचून झाली की महिनाभर उसनी द्याल का? वर्गात दोघं-तिघं आहेत, त्यांना दाखवायची आहे. जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्याकडे.

फोर्टचा_फिरस्ता :
द्याल का काय ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा पत्ता. पुतण्याला विचारून पाठवतो, आता ती त्याची झाली आहे.